पुरे झाल्या तुमच्या प्रार्थना!

अमेरिकेत पुन्हा गोळीबार, पुन्हा झेंडे अर्ध्यावर, आणि पुन्हा सिनेटरांचं तेच वाक्य: आमच्या प्रार्थना पीडितांसोबत आहेत. अहो, तुम्हाला प्रार्थना करायला निवडून दिलंय की कायदे करायला? २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत पहिलीतली २० चिमुरडी मारली गेली. पुढच्याच वर्षी बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचं विधेयक सिनेटमध्ये आलं. अगदी साधं, कुणाची बंदूक काढून न घेणारं. बाजूने ५४ मतं, तरी नामंजूर! का, तर सिनेटच्या नियमाने विधेयक पुढे न्यायला ६० हवी होती. १०० जणांच्या सभागृहात ५४ म्हणजे बहुमत नाही?

२०२२, टेक्सासमधल्या युवाल्डी गावातली प्राथमिक शाळा. १९ मुलं, २ शिक्षिका. शाळेत शेकडो पोलीस आणि हल्लेखोर होता त्या वर्गात शिरायला ७७ मिनिटं! वर म्हणे शिक्षकांनाच बंदुका द्या.

पाच वर्षांची पोरं दिवे मालवून, कोपऱ्यात दबकून, तोंडातून आवाज न काढण्याचा सराव करतात. बाजारात गोळी अडवणारी दप्तरं मिळतात. वह्या-पेन्सिलींसोबत आता आईबापांनी तीही घ्यायची?

आणि दुःखाच्या वेळी राजकारण नको म्हणे. मग कधी करायचं? दोन गोळीबारांच्या मध्ये एक शांत आठवडा तरी मिळतो का या देशाला?