शनिवार-रविवारच्या शिबिरात चित्र पूर्ण व्हायलाच हवं का?

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जलरंगाचं शनिवार-रविवारचं शिबीर करून आले. तेव्हापासून मनात घोळतंय ते लिहिते. हौशी मंडळींच्या शिबिरांत 'प्रत्येकाने एक पूर्ण चित्र घरी न्यायचं' असा जो आग्रह असतो, तो मला साफ चुकीचा वाटतो.

येणारे बहुतेक नोकरी-संसारातून वेळ काढून आलेले. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली, नंतर रंगपेटी माळ्यावर गेली ती मुलं मोठी झाल्यावरच खाली आली. अशा माणसाला फ्रेम करण्याजोगं काही हातात हवं असतं, हे मी समजू शकते. पण मग सर डेमो देतात आणि सगळे तोच घाट, तेच झाड उतरवत बसतात. समोर कृष्णा वाहतेय, नाना फडणवीसांनी बांधलेल्या घाटावर ऊन सरकतंय, आणि माना सगळ्या सरांच्या कागदाकडे!

यावेळच्या सरांनी चित्र बाजूलाच ठेवलं. आधी नुसतं पाणी. बोर्ड जरा तिरका धरायचा, वरून वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातल्या रंगाचा सलग पातळ थर, द्यायचा, खालच्या कडेला साचलेला रंग पुढच्या फटकाऱ्यात ओढून घ्यायचा. कागद चमकत असताना रंग सोडला तर तो वाहतो. चमक गेली पण कागद हाताला अजून गार लागतोय, तेव्हा मऊ पसरतो. पूर्ण वाळल्यावर लावला तर कड धरतो. हे मी व्हिडिओंत कितीदा पाहिलं होतं, पण बोटाला गारवा लागल्याशिवाय ते कळत नाही.

काळा रंग पॅलेटवर घ्यायला बंदी. "दगड काळा आहे हे तुम्हाला माहीत आहे. दिसतोय का काळा?" सावलीतल्या पायऱ्या निळसर होत्या, ओल्या पायऱ्यांत आकाश उतरलेलं, उन्हातला दगड चक्क तांबूस. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, एवढ्या दोन रंगांत अख्खा घाट आला.

आणि उजेड? पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे न रंगवलेला कागद. सा. ल. हळदणकरांचं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचं वाटतं. ते जलरंगातलं आहे! बोटांमधून झिरपणारा तो उजेड आठवला की हळदणकरांचा ब्रशवर केवढा ताबा असेल, याचा आता कुठे अंदाज येतो.

कागदाबद्दलही बोलायलाच हवं. आपण ब्रश महागाचा घेतो आणि सरावाला पातळ कागद. तो पाणी पडताच फुगतो, रंग लगेच पिऊन टाकतो, दुसऱ्या वॉशला त्याचे तंतू निघतात. दोष कागदाचा, आणि माणूस म्हणतो, "माझ्या हातात कलाच नाही." असं म्हणून कायमचे रंग सोडलेले लोक मला माहीत आहेत. फार वाईट वाटतं.

म्हणून शिबीर भरवणाऱ्यांना कळकळीने सांगते: एक मोठा कागद देण्याऐवजी ३०० जीएसएमच्या, म्हणजे चांगल्या जाड, कॉटन कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करून द्या. दोन्ही बाजू वापरू द्या. एका तुकड्यावर फक्त आकाश, एकावर फक्त पायऱ्यांची सावली. शेवटी सगळ्यांची चित्रं ओळीने मांडून ग्रुप फोटो काढायचा कार्यक्रम वगळलात तरी चालेल, तेवढा तास रंगवायला मिळू दे. पुणे-सातारा भागात असं शिबीर कुणी घेत असेल तर मला जरूर कळवा. मी येणार.