माझं मॅग्नेट कुठं चिकटवायचं?

सगळ्यात आधी सांगून टाकतो, मी मिडफिल्डर आहे. हे वाक्य मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात, जूनच्या थंडीत, चिखलात, बिनबाह्यांची जर्सी आणि नको तेवढी आखूड चड्डी घालून एका इलेक्ट्रिशियनला ऐकवलं. इलेक्ट्रिशियन म्हणजे आमच्या फुटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, टीमचा कोच. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, त्याला फार वेळ लागला नाही कारण माझी उंचीच साडेपाच फूट आहे, आणि म्हणाला, "मेट, इथं सगळेच मिडफिल्डर असतात."

आणि खरंच होतं. पस्तिशीच्या वरच्यांची टीम, फॉर्मवर 'पोझिशन' असा एक रकाना, आणि २६ जणांपैकी २१ जणांनी तिथं मिडफिल्डर लिहिलेलं. एकानं नुसतं 'बार' लिहिलेलं, तो मॅच झाल्यावरच यायचा. आता जागा किती? मॅच सुरू होताना मधल्या ५० मीटरच्या चौकोनात एका टीमचे चौघंच उभे राहू शकतात, त्यातला एक रकमन, म्हणजे सगळ्यात उंच माणूस, जो उडी मारून बॉल खाली टोलवतो. उरल्या तीन. तीन जागा आणि एकवीस इच्छुक, एवढी चुरस आमच्याकडं गोकुळ दूध संघाच्या इलेक्शनलापण बघितली नव्हती मी.

दोष यांचा पण नाही म्हणा. इथं ब्राऊनलो मेडल म्हणून एक प्रकार आहे, १९२४ पासून चालू, एएफएलमधल्या, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या लीगमधल्या, सीझनच्या सगळ्यात भारी प्लेअरला मिळतं आणि मतं कोण देतं तर अंपायर, दर मॅचला तीन, दोन, एक अशी. आता अंपायर बिचारा दिवसभर बॉलच्या मागं पळणार, बॉलजवळ त्याला दिसणार कोण, तर मिडफिल्डर. मग मत पण त्यालाच. २०२४ ला पॅट्रिक क्रिप्सनं ४५ मतं घेऊन रेकॉर्ड केला, तो मिडफिल्डर. पुढच्या वर्षी मॅट राऊल, तो पण मिडफिल्डर. बॅकला, म्हणजे बचावाला, खेळणारा माणूस तिकडं कोपऱ्यात आयुष्यभर इमानदारीत काम करतो आणि त्याला कुणी विचारत नाही, आपल्या ऑफिसातल्या अकाउंट्सवाल्यासारखं.

तर मी मिडफिल्डर कसा, हे सांगायला पाहिजे. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे काय ते कोल्हापूरकराला सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी तालमींची मॅच असली की दुपारनंतर पेठेत माणूस सापडत नाही. मी एका तालमीच्या बी टीमला हाफ खेळायचो, म्हणजे मेन टीमची मॅच असली की हाफ-टाइमला लिंबू-पाणी द्यायचो, पण मधेमधे खेळलोय पण. त्या जिवावर मी शेजाऱ्याला म्हटलं होतं, फुटबॉल होय, खेळलोय की आम्ही, मिडफिल्डला. तो म्हणाला मग ये की शनिवारी.

इथं पहिली चूक झाली. त्याचा फुटबॉल म्हणजे फुटी, आणि फुटी म्हणजे ज्यात काही ना काही फुटतंच असा खेळ. ग्राउंड लंबगोल, बॉलपण लंबगोल. दोन्ही बाजूला अठरा-अठरा माणसं, ऑफसाइड नाही, म्हणजे तुमच्या अंगावर कोण कुठल्या दिशेनं येईल याला काही कायदा नाही. हा खेळ निघाला कशातून तर क्रिकेटमधून. १८५८ ला टॉम विल्स नावाच्या क्रिकेटरनं पेपरात पत्र लिहिलं की थंडीत क्रिकेटवाल्यांची अंगं आखडतात, एखादा फुटबॉल क्लब काढा, आणि पुढच्या वर्षी मेलबर्नमध्ये नियम पण लिहून झाले. अंग आखडू नये म्हणून सूर्यनमस्कार घातले असते तर आज माझा खांदा जाग्यावर असता.

बायकोचं मत त्याहून स्पष्ट होतं. आमचा गरम पाण्याचा बंब (इथं त्याला भारी नाव आहे, पण गळायला लागला की बंबच) तीन आठवडे गळत होता. प्लंबर एकदा येऊन बघून गेला, हम्म म्हणाला, नुसतं हम्म म्हणायचे पैसे घेतले, कोटेशन पाठवतो म्हणाला आणि गायब. फोन उचलेना, मेसेजला उत्तर देईना. शनिवारी मी बूट घालायला बसलो की बायको बादली बदलता बदलता म्हणायची, "अहो, बॉलच्या मागं लागण्यापेक्षा त्या प्लंबरच्या मागं लागा जरा." मी म्हणायचो सोमवारी बघतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता मॅग्नेट. कोचकडं एक पांढरा बोर्ड, त्यावर हिरवं ग्राउंड काढलेलं आणि प्रत्येक प्लेअरच्या नावाचं एक गोल मॅग्नेट. सारीपाटाच्या सोंगट्या सरकवाव्यात तसा तो ती सरकवत बसायचा. माझं नाव त्यात बसेना म्हणून त्यानं पहिली तीनच अक्षरं लिहिलेली. पहिल्या मॅचला ते मॅग्नेट त्यानं बरोबर मध्यभागी ठेवलं, रोव्हर. रोव्हरचं काम म्हणजे रकमनच्या पायाशी घुटमळायचं आणि त्यानं टोलवलेला बॉल उचलून सुटायचं. मी खूश. पेठेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. लगेच एकाचा मेसेज, "भावा चड्डी कुणाची घातलीयास?"

अंपायरनं बॉल आपटला, वर उडाला, आमच्या रकमननं टोलवला आणि बॉल सरळ माझ्या छातीवर. मी काय केलं असेल? छातीवर घेतला, पायात पाडला, आणि दोन्ही हात वर करून अंपायरला दाखवलं की हात लागलेला नाही हां. वीस वर्षं 'हँड, हँड' असं ओरडताना ऐकलेला माणूस मी, हात आपोआप वर जातात. सगळी टीम बोंबलायला लागली, उचल, उचल. इथं हँडबॉल हा फाऊल नाहीये, ती कला आहे, एका तळहातावर बॉल धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसा मारायचा म्हणजे पास होतो. नुसता फेकला की मात्र फ्री किक. हे मला आधी सांगितलेलं पण ऐन वेळेला अंगातला कोल्हापूर बाहेर आला. मी हात वर करून उभा आणि समोरून कमीत कमी शंभर किलोचा एक निवृत्त पोलीस आला. पुढचं मला नीट आठवत नाही.

दुसरी भानगड मला स्वतःला पण दोन मॅच कळली नाही, कोचनंच पकडली. तो म्हणाला, तू सेंटरला गोल फिरून का पळतोस? मी म्हटलं कुठं? मग त्यानं फोनवर व्हिडिओ दाखवला. हेच ग्राउंड उन्हाळ्यात क्रिकेटचं, मधोमध पिच असतं, थंडीत त्यावर माती-हिरवळ टाकून झाकतात. आणि मी प्रत्येक वेळी त्या झाकलेल्या पिचला वळसा घालून जात होतो. बॉल पिचवर पडलेला, दोन्हीकडची आठ माणसं त्यावर तुटून पडलेली, आणि मी कडेकडेनं, कुणाच्या तरी देवघरासमोरून चपला हातात घेऊन गेल्यासारखा. लहानपणी पिचवर पाय दिला म्हणून इतक्यांदा शिव्या खाल्ल्यात की ते आता हाडात गेलंय.

मग मॅग्नेट सरकलं विंगला. विंगर पण मिडफिल्डरच धरतात, फक्त त्यानं मधल्या राड्यात न जाता कडेनं पळायचं. वर जायचं, खाली यायचं, परत वर जायचं. ग्राउंडची लांबी दीडशे मीटरच्या वर. पहिल्या क्वार्टरला मी चार फेऱ्या मारल्या, प्रत्येक वेळी मी पोचेपर्यंत बॉल दुसऱ्या टोकाला. कोल्हापुरात केएमटीच्या बसमागं पळणाऱ्या माणसाला निदान कंडक्टर दिसतो, मला तेवढं पण कुणी दिसेना. दुसऱ्या क्वार्टरला तोंडाला फेस. हाफ-टाइमला जेलीचे साप वाटतात, एनर्जीसाठी, मी सात खाल्ले.

मग हाफ-बॅक, म्हणजे बचावाच्या बाजूला. इथं कोचनं मला समजावून सांगितलं, माणूस मनाचा चांगला आहे, की यात अपमान नाही मेट, चांगले मिडफिल्डर बॅकला ठेवतातच, कॉलिंगवूड क्लबचा निक डायकोस २०२२ ला आला तेव्हा हाफ-बॅकलाच खेळला आणि मग मधे गेला. तिथून अख्खं ग्राउंड समोर दिसतं, फक्त किक अचूक पाहिजे. मला एकदम अंगावर मूठभर मांस चढलं, डायकोस तो डायकोस. पण किक. हा बॉल टोक खाली करून नीट सरळ सोडायचा आणि टोकावर पाय घालायचा, म्हणजे तो उलटा गरगरत सरळ जातो, आणि जरा तिरका सुटला की त्याच्या मनाला येईल तिकडं. माझी पहिली किक पार्किंगमध्ये गेली. दुसरी किक पण पार्किंगमध्ये गेली पण दुसऱ्या गाडीवर. तिसऱ्या वेळेला लोक आपापल्या गाड्या हलवायला उठले.

राहिलं फॉरवर्ड पॉकेट. जुन्या काळापासून दमलेल्या रोव्हरला जरा दम खायला तिथं ठेवायची पद्धत आहे, म्हणजे गोलच्या बाजूचा कोपरा, सेवानिवृत्ती योजनाच. पण हे मला आवडलं खरं. इथं चार खांब असतात, मधल्या दोघांच्या मधून मारला तर सहा पॉइंट, आणि चुकून बाजूच्या खांबामधून गेला तरी एक पॉइंट. म्हणजे चुकल्याबद्दल पण मार्क! गणिताच्या पेपरात उत्तर चुकलं तरी स्टेप्सना मार्क देतात तसं. दहावीला ज्यावर पास झालो तीच पद्धत इथं भेटल्यावर मला भरून आलं. मी एक पॉइंट काढला आणि एवढा नाचलो की समोरच्या टीमला वाटलं मॅच संपली. बाकी वेळ माझ्या शेजारचा बॅक माझ्या डोक्यावरून हात घालून येईल तो बॉल झेलत राहिला. उंचीला काय करणार.

पुढच्या शनिवारी आलो तर माझं मॅग्नेट बोर्डवर नव्हतंच. ते क्लबच्या फ्रिजवर होतं, सॉसेजच्या ऑर्डरचा कागद त्याखाली दाबून ठेवलेला. मी काही बोललो नाही. आपण कोल्हापूरचे, असं दाखवत नाही. गुपचूप बूट बांधत बसलो. तेवढ्यात कोच आला, म्हणाला समोरच्या टीममध्ये एक मिडफिल्डर आहे, भयंकर खेळतो, त्याला आवरायला कोणीतरी पाहिजे, तुला टॅगर माहितीये का?

टॅगर म्हणजे स्वतः खेळायचं नाही, दुसऱ्याला खेळू द्यायचं नाही. तो जाईल तिकडं जायचं, सावलीसारखं चिकटायचं, धरायचं मात्र नाही, बॉल नसताना माणसाला धरला की फ्री किक. जीलाँग क्लबचा कॅमरन लिंग हेच करता करता कॅप्टन झाला आणि २०११ ला टीमला फायनल जिंकून दिली. टोनी लिबरेटोर तर बुटका गडी, समोरच्याचं डोकं फिरवण्यात वस्ताद, आणि १९९० चं ब्राऊनलो त्यालाच. बुटका म्हटल्यावर कोचनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी ते मनाला लावून घेतलं नाही.

"कुठला मिडफिल्डर?" मी विचारलं. त्यानं बोट दाखवलं. उंच, लाल दाढी, आणि डाव्या पोटरीवर गोंदवलेला एक मोठा पाना.

तो पाना मी ओळखला. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या बंबासमोर उकिडवा बसून हम्म म्हणाला होता.

पुढचे चार क्वार्टर मी जे खेळलो ते पेठेत आयुष्यात कधी खेळलो नाही. पहिला बॉल उडायच्या आधीच मी त्याच्या कानाशी. म्हटलं, मेट, कोटेशन. त्यानं वळून बघितलं, चेहरा पांढरा. तो डावीकडं गेला, मी डावीकडं. विंगला गेला, मी विंगला, आणि गंमत म्हणजे मला दम पण लागेना. मी म्हटलं, तीन आठवडे बादली बदलतेय बायको. तो बॅकला पळाला. मी म्हटलं, व्हॉइसमेल किती टाकले सांगू का. पिचवर पण गेलो त्याच्यामागं, सरळ मधून, वळसा-बिळसा काही नाही. कुणी त्याला पास द्यायला बघितलं की हा बॉलकडं बघायच्या आधी माझ्याकडं बघायचा. एकदा वैतागून अंपायरकडं गेला की हा माणूस मला बोलतोय, अंपायर म्हणाला काय बोलतोय, हा म्हणाला गरम पाण्याबद्दल. अंपायरनं जरा विचार केला आणि खेळ चालू ठेवला. नंतर कळलं त्याचा पण प्लंबरचा अनुभव तसाच होता.

तिसरा क्वार्टर संपला तेव्हा गड्याच्या हाताला बॉल मोजून चार वेळा लागलेला. आपापल्या घोळक्याकडं जाता जाता तोच माझ्याकडं आला, गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत. "मंगळवारी. सकाळी सात. शप्पथ. आता तरी सोड."

मी म्हटलं, "कोटेशन?"

"वीस टक्के कमी."

शेवटच्या क्वार्टरला पण सोडला नाही, कारण मंगळवार अजून लांब होता.

मॅच आम्ही नऊ पॉइंटनी जिंकलो. कोच आत आला, फ्रिजवरचं माझं मॅग्नेट काढलं, सॉसेजचा कागद खाली पडला तो त्यानं उचलला पण नाही, आणि बोर्डवर मधोमध चिकटवलं. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला, पुढच्या आठवड्याच्या समोरच्या टीमची यादी काढली आणि बोट फिरवत एकेक धंदा वाचायला लागला, सुतार, ट्रक ड्रायव्हर, कुंपणवाला, डेंटिस्ट.

"कुंपणवाला," मी म्हटलं. "मागच्या नोव्हेंबरपासून."