आधी लिफ्ट की आधी पार्किंग?

सोसायटीच्या मीटिंगला मी पाच मिनिटं उशिरा पोचलो आणि तेवढ्यात सर्व्हेचं काम माझ्या गळ्यात पडलेलं होतं. काम म्हणजे काय, तर दोन विंग, 64 फ्लॅट, दहा प्रश्न आणि एक गूगल फॉर्म. प्रश्न अर्ध्या तासात लिहून झाले. घोडं अडलं ते पहिला प्रश्न कुठला यावर.

तळमजल्यावरचे काका म्हणाले पार्किंग पहिलं. सातव्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या लिफ्ट, कारण गुडघे त्यांचे. खजिनदारांना सुरुवातीलाच "आपला मेंटेनन्स किती महिने थकला आहे?" हवं होतं, मी म्हटलं अहो दारातच वसुलीला उभे राहिलात तर आत येणार कोण, 2011 च्या जनगणनेतसुद्धा सुरुवात नावापासून होती आणि 29 प्रश्नांमधले मुलं किती झाली वगैरे नाजूक प्रश्न पार शेवटी होते. खजिनदार म्हणाले, "त्यांची थकबाकी नव्हती."

म्हणून मी रात्री जागून वाचायला बसलो, तिथेच चुकलं. 1948 साली म्हणे अमेरिकेत लोकांना विचारलं, रशियासारख्या कम्युनिस्ट देशांचे पत्रकार आपल्याकडे येऊन बातम्या पाठवू देत का? हो म्हणणारे 36 टक्क्यांच्या आसपास. पण आधी "अमेरिकन पत्रकारांना रशियात तसं करू द्यावं का?" असं विचारून मग हाच प्रश्न टाकला तर थेट 73! आधी आपल्या माणसासाठी हो म्हणून बसलं की दुसऱ्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

हे मी कौतुकाने कमिटीला सांगितलं. काकांचे डोळे चमकले. "मग आधी विचारा, तुमच्या पाहुण्यांना गाडी लावायला जागा मिळावी का? आणि त्याच्या लगेच खाली, माझ्या जावयाच्या गाडीचं."

मग ट्रायल म्हणून आईला बसवलं. पाणी किती वाजता जातं, लिफ्ट कितीदा बंद पडते, डक्टमध्ये कबुतरांचा त्रास होतो का, आणि मग, सोसायटीत राहून एकंदर समाधानी आहात का? आईने चष्मा पुसून "अजिबात नाही" दाबलं आणि चिंतेने म्हणाली, "इतकं वाईट आहे का रे आपल्याकडे? मला कुणी बोललंच नाही!" परवाच मावशीला फोनवर सांगत होती, आमच्यासारखी सोसायटी शोधून सापडायची नाही.

समाधान वर नेलं तर सगळे आनंदी, खाली नेलं तर सगळे दुःखी. याच्यावर पुस्तकी उपाय म्हणजे अर्ध्या लोकांना एक क्रम द्यायचा, उरलेल्यांना उलटा. कुणाला कुठला हे खरं तर चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असतं, पण मी आळस केला आणि ए विंगला सरळ, बी विंगला उलटा असे दोन फॉर्म पाठवले. रात्री साडेदहाला ग्रुप पेटला. "ए विंगला पहिला प्रश्न लिफ्टचा, आम्हाला कबुतरं???" "म्हणजे लिफ्टचे पैसे तिकडेच जाणार." एकाने दोन्ही फॉर्मचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी टाकून लाल गोल केले. एक निवृत्त सर म्हणाले सेट ए, सेट बी काढायला ही काय सीईटी आहे का. मी पत्रकार, रशिया, 1948 असं सगळं टाइप केलं, त्यावर फक्त एक अंगठा आला, तोही वॉचमनचा.

उत्तरं आली 19. त्यातले चौघे फ्लॅट नंबरच्या रकान्यात "कशाला?" लिहून निघून गेले.

रविवारी जिन्यात आईला बी विंगचा नवा भाडेकरू भेटला. मी पिशव्या घेऊन मागे उभा. "दमलात ना, पाणी आणू? गाव कुठलं? अय्या, कराडचे का, आमची आत्या तिथलीच. घरी कोण कोण असतं? स्वयंपाकाला बाई मिळाली का? आणि या खोल्यांचं घेतात किती हो आता?" त्याने भाडं सांगितलं, डिपॉझिट सांगितलं, वर मालकाने गिझर अजून बदलून दिला नाही हेही सांगितलं, जे आईने विचारलंच नव्हतं.

वर आल्यावर मी तिच्यासमोर लॅपटॉप ठेवला. म्हणाली, आधी दळण टाकून ये.