खुलासा : गोळीला पैसे लावले की सरकारचा खर्च वाचतो?

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : डिप्रेशनच्या गोळ्यांसाठी रुग्णाकडून थोडे पैसे घेतले की फुकट्यांची गर्दी हटते, सरकारी खर्च घटतो, कॅनडात हे सिद्ध झालंय.

अर्धवट आहे. कॅनडातल्या क्विबेकने १९९६ मध्ये वृद्धांना आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना औषधाच्या किमतीतला वाटा भरायला लावला. औषधं कमी खपली हे खरं. पण अत्यावश्यक औषधांचा वापरही वृद्धांत सुमारे ९ आणि मदतीवरच्या लोकांत १४ टक्क्यांनी घटला आणि इमर्जन्सीतल्या फेऱ्या वाढल्या. त्या फेऱ्यांचं बिल कोण भरतं? (आकडे सगळ्या अत्यावश्यक औषधांचे आहेत, फक्त डिप्रेशनच्या नव्हेत.)

डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात. राजवाड्यापाशी मेडिकलवर एखादे काका "पूर्ण पट्टी नको, चारच कापून द्या" म्हणतात ना, घोळ तिथेच. अचानक सोडली की चक्कर, बेचैनी.

आयुष्मान कार्डावर रोजच्या गोळ्या मिळतात, हेही मेसेजात घुसडलंय. ते कार्ड भरती झालेल्यांसाठी, ओपीडीतल्या गोळ्यांसाठी नाही. मध्य प्रदेशात सरकारी दवाखान्यांतली मोफत औषध योजना मात्र २०१२ पासून आहे. आधी तिथे विचारा.