किनारा ‘संरक्षित’ झाला की गाव बुडतं? एका फिरत्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या निम्म्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. प्लॉटवाल्यांच्या ग्रुपवर तो हमखास असतो, आणि आता तालमीच्या नि शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवरही पोचलाय. मजकूर थोडक्यात असा: सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र), अभयारण्य, कांदळवन (खारफुटीचं जंगल) अशी लेबलं चिकटवून सरकारनं कोकण किनाऱ्यावरची गावं मारली. तिथं घराची एक वीटही हलवता येत नाही. आज किनारा घेतला, उद्या गावच उठवतील. मच्छीमारांची मासेमारी बंद पाडली. कांदळवन म्हणजे नुसता चिखल. गावकऱ्यांनाही निसर्गाशी काही देणंघेणं नाही, कासवाची अंडी तेच खातात. तेव्हा घाटावरच्या लोकांनी या जमिनी घ्याव्यात आणि कोकणाचा विकास करावा.

पहिल्या निम्म्या मेसेजात गावकऱ्यासाठी गळा काढायचा आणि उरलेल्या निम्म्यात त्याला चोर ठरवायचं, ही कसरत आधी लक्षात घ्या. आंबा, गगनबावडा, फोंडा, आंबोली या घाटांनी कोल्हापूरचं कोकणाशी नातं पिढ्यान्‌पिढ्याचं आहे. वरून गूळ खाली जायचा, खालून मीठ आणि सुकी मासळी वर यायची. म्हणून हा मेसेज इथं खपतो आणि म्हणूनच त्याला इथून उत्तर द्यायला हवं.

“एक वीटही हलवता येत नाही”

किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. ती १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली निघाली. पुढं २०११ आणि २०१९ मध्ये तिच्या जागी नव्या अधिसूचना आल्या. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र, ही गोष्ट तिन्हींमध्ये आहे. मेसेज लिहिणारा इथंच वाचायचा थांबलेला दिसतो.

त्याच पट्ट्यात आधीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते. ते पाडून पुन्हा बांधताही येतं, फक्त जोतं आणि चटईक्षेत्र वाढवायचं नाही. शेती, बागायत, चराई चालते, म्हणजे नारळी-पोफळीच्या वाडीला कुणी हात लावलेला नाही. २०० मीटरच्या पलीकडं स्थानिक लोकांना तळमजला अधिक एक मजला, ९ मीटर उंचीपर्यंत घर बांधायची वाट ठेवली आहे. २०१९ च्या अधिसूचनेत तर स्थानिकांनी राहत्या घरात होमस्टे चालवायला स्पष्ट मुभा आहे. अट एवढीच की जोतं आणि घराचा दर्शनी भाग बदलायचा नाही.

मग अडतं काय? त्या २०० मीटरांत नवा रिसॉर्ट अडतो. घाटावरच्या कुणी लाटांच्या तोंडावर बांधायला काढलेला बंगला अडतो. ज्याची वीट अडली तो कोण, हे मेसेज सांगत नाही.

एक रास्त तक्रार मात्र आहे, आणि ती मेसेजवाल्याला सुचली नाही. ‘अधिकृत’ हे सिद्ध करणं कोकणात सोपं नाही. सातबाऱ्यावर डझनावारी नावं, निम्मी मुंबईला, काही वारलेली, घरपट्टी पणजोबाच्या नावावर. साधं छप्पर उतरवून नवं करायचं तर कागद गोळा करता करता पावसाळा येतो. हा त्रास खरा आहे. त्याचं उत्तर गावठाणाची मोजणी आणि वारसनोंदी वेळेवर होणं हे आहे, २०० मीटरचा पट्टा उठवणं नव्हे.

“उद्या गावच उठवतील”

ही भीती कोल्हापूरकराला सांगायला फार शब्द लागत नाहीत. चांदोली १९८५ मध्ये अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. तिथून उठलेल्या गावांच्या वसाहती आपल्याच जिल्ह्यात आहेत, आणि पुनर्वसनासाठी त्यांनी कोल्हापुरात केलेली आंदोलनं आपण पाहिली आहेत. त्या लोकांना कुणी “तुमचा गैरसमज झालाय” म्हणू नये.

पण एका कायद्याखाली घडलेलं दुसऱ्या कायद्याच्या माथी मारणं ही फसवणूक आहे. राष्ट्रीय उद्यानात माणसाचे हक्क जवळपास संपतात. अभयारण्यात ते चालू ठेवायची तरतूद आहे. राधानगरी अभयारण्य १९५८ पासून आहे आणि तिथल्या वाड्या आजही नांदतात, तक्रारींसकट. संवर्धन राखीव हा तिसरा प्रकार. तो सरकारी जमिनीवर, स्थानिकांशी सल्लामसलत करून जाहीर करायचा असतो आणि त्याच्या समितीत संबंधित ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असलेच पाहिजेत असं वन्यजीव कायदा म्हणतो. विशाळगड, आजरा-भुदरगड, चंदगड ही आपल्या जिल्ह्यातली राखीव क्षेत्रं याच प्रकारातली. आणि सीआरझेड तर जमिनीची मालकीच घेत नाही. सातबारा ज्याचा त्याच्याकडंच राहतो. २०० मीटरच्या पट्ट्यापायी अख्खं गाव उठवलं असं एक तरी उदाहरण मेसेजवाल्यानं द्यावं.

त्या समित्यांच्या बैठका नेमानं होतात का, गावाचा प्रतिनिधी तिथं बोलतो की नुसती सही करतो, हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण ते विचारायचे तर आधी अशी समिती असते हे ठाऊक हवं.

“कासवाची अंडी तेच खातात”

खायचे. हे कोकणात कुणी नाकारत नाही. मंडणगड तालुक्यातलं वेळास, म्हणजे नाना फडणविसांचं गाव, तिथंही ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी उकरली जायची. कधी माणसं, कधी कुत्री, कधी कोल्हे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं २००२ मध्ये तिथं काम सुरू केलं. संस्था बाहेरची होती, पण पहाटे पुळणीवर चालायला गावातलेच पाय लागले.

हे काम नक्की काय असतं ते सांगतो, कारण मेसेज लिहिणाऱ्याला ‘संवर्धन’ म्हणजे हिरवी पाटी वाटत असावी. थंडीच्या दिवसांत मादी रात्री वाळूवर येते, हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. मागं उरतो तो वाळूवरचा तिच्या पायांचा माग. उजाडायच्या आत तो शोधावा लागतो, कारण उजाडल्यावर कुत्री पोचतात. घरटं सापडलं की अंडी उचलून कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीवर, तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवायची. तारीख लिहायची. मग दीड ते दोन महिने राखण. पिल्लं वर यायच्या सुमाराला घरट्यावर टोपली ठेवतात आणि ती पुन्हा पुन्हा उचलून पाहतात. हे मोसमभर, रोज, भरती-ओहोटीच्या हिशेबानं. ज्याला वाळू रोज दिसते आणि कालची वाळू आजपेक्षा वेगळी कशी होती हे कळतं, त्यालाच हे जमतं. कोकणात त्याला कासवमित्र म्हणतात आणि तो बहुधा त्याच गावचा असतो. मानधन बेताचं असतं. ते वाढवा म्हणून एखादा मेसेज फिरला तर मी आनंदानं पुढं पाठवीन.

वेळासच्या मागोमाग आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवरही हे काम उभं राहिलं. वनविभागाचा कांदळवन कक्ष त्यात उतरला. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग लावला, तिचं नाव ‘प्रथमा’ ठेवलं. पश्चिम किनाऱ्यावरची कासवं अंडी घालून कुठं जातात ते यातून कळू लागलं. शास्त्रज्ञांना मादी सापडली कारण तो किनारा आधीची वीस वर्षं गाव राखत होतं.

कासवांची गोष्ट गोंडस आहे म्हणून तीच सगळे सांगतात. कातळशिल्पं घ्या, म्हणजे सड्यांवर, उघड्या कातळाच्या पठारांवर कोरलेली जुनी चित्रं. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे पायी धुंडाळून ती शोधली, बहुतेक वेळा गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत. सडे बहुतांशी खासगी मालकीचे. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मालकानं मनावर घेतलं असतं तर तोच जांभा चिऱ्यांसाठी कापून विकला असता. काहींनी विकलाही. पण यादीत गेलेलं जे शाबूत आहे, ते त्या मालकांनी हात आवरला म्हणून.

“मासेमारी बंद पाडली”

इथं मेसेज सगळ्यात जास्त चुकतो आणि इथंच त्याच्यात सगळ्यात जास्त तथ्यही आहे.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं पाणी यात येतं, तिथं प्रवाळ आहे. मच्छीमारांनी त्याला विरोध केला आणि मला तो योग्य वाटतो. मुंबईत बसून समुद्रावर रेघ ओढली आणि ज्याची होडी त्या रेघेवरून रोज जाते त्याला नीट विचारलं नाही. पुढं १९९१ मध्ये वन्यजीव कायद्यात सुधारणा झाली आणि सागरी हद्दीतलं अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी तजवीज करावी असं त्यात आलं. हे चार वर्षं आधी सुचलं असतं तर मालवणात इतका अविश्वास साचला नसता.

पण मासेमारी बंद पडली? मालवणच्या बाजारात सकाळी एक फेरी मारा. मासा कमी झाला हे खरं आहे, आणि त्याचं कारण मालवणचा कुठलाही रापणकर सांगेल: पर्ससीन (माशांचा अख्खा थवा घेरून उचलणारं मोठं जाळं), किनाऱ्याजवळ घुसणारे ट्रॉलर आणि एलईडीच्या उजेडात रात्री उपसलेली मासळी. रापण म्हणजे सगळ्या वाडीनं मिळून ओढायचं जाळं. वाटे ठरलेले, ज्याचे हात दोरीला त्याला हिस्सा. या लोकांनी सरकारकडं काय मागितलं? बंदी उठवा नव्हे, बंदी नीट पाळा! सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्यानं पर्ससीनवर मोसमाची आणि संख्येची मर्यादा घातली, तिच्यामागं पारंपरिक मच्छीमारांचा रेटा होता. पावसाळ्यातली १ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक बोटींना आहे, बिगरयांत्रिक होडीला नाही. म्हणजे निर्बंध नको असणारा आणि निर्बंध मागणारा, दोघेही ‘मच्छीमार’च. मेसेज कुणाच्या बाजूनं बोलतोय ते त्यानं आधी ठरवावं.

आणखी एक. जाळ्यात कासव किंवा देवमुशी (व्हेल शार्क) अडकली तर पूर्वी जाळं वाचवायला जनावर मरायचं. डिसेंबर २०१८ पासून राज्यात योजना आहे: जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला तर जाळ्याची भरपाई, कमाल २५,००० रुपये. फाटलेल्या जाळ्याची खरी किंमत त्याहून जास्त असू शकते, तरी मच्छीमार जाळी कापतात.

“कांदळवन म्हणजे नुसता चिखल”

याला लांब उत्तर द्यायची गरज नाही. कोळंबी, खेकडे, कितीतरी माशांची पिल्लं याच चिखलात वाढतात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारून लोकांना कांदळवन दाखवतात आणि त्यातून कमावतात. चिखल म्हणणाऱ्यानं तिकीट काढून बसावं.

खारभूमीचा गुंता मात्र वेगळा. खाडीकाठच्या भातजमिनीला खारं पाणी शिरू नये म्हणून बांध असतात. पूर्वी ते गावकीच राखायची. खेकड्यानं भोक पाडलं तर त्याच दिवशी माती पडायची. १९७९ च्या खारभूमी विकास कायद्यानंतर बांध सरकारी योजनांत गेले आणि भोक बुजवायलाही अंदाजपत्रक लागू लागलं. बांध फुटला, पाणी आलं, कांदळवन उगवलं. त्यावर २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानं राज्यभर कांदळवन तोडायला बंदी. शेतकरी म्हणतो, माझं शेत गेलं, आणि तो खोटं बोलत नाही. पण नीट पाहा, घोळ झाला तो राखण गावाच्या हातून काढून घेतल्यावर. या प्रकरणावरून गावाला आणखी बाजूला सारायचा सल्ला निघत असेल तर तो उलटा आहे.

“घाटावरच्यांनी जमिनी घेऊन विकास करावा”

आता आपल्याबद्दल. सुट्टीच्या दिवशी कोकणातल्या कुठल्याही मोठ्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेली जीप ओढणारी गर्दी पाहा, त्यात एमएच ०९ ची पाटी हमखास असते. वाळूवर गाडी घातली की खालचं घरटं चिरडतं, हे हॅचरीवरचा पोरगा हात जोडून सांगत असतो आणि आपली मंडळी रील काढत असतात. विकास करायला निघालेल्यांनी आधी गाडी रस्त्यावर लावावी.

आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या मंदिराच्या कुंडात २०२० मध्ये माशाची एक नवी जात नोंदली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. देवाच्या कुंडात मासे मारायचे नाहीत हा तिथला रिवाज सरकारी आदेशापेक्षा कितीतरी जुना. तेच पाणी पुढं आजऱ्याला आणि गडहिंग्लजला येतं. ते स्वच्छ येतं यात घाटावरच्या कुणाच्याही बंगल्याचा हातभार नाही.

एवढं होऊनही ज्यांना जमीन घ्यायचीच आहे त्यांनी टोकन देण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. शेतजमीन असेल तर आपल्याकडं शेतकरी असल्याचा पुरावा आहे का. सातबाऱ्यावरच्या सगळ्या नावांच्या सह्या होणार आहेत का. आणि तो गट नंबर किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यात नेमका कुठं पडतो. ‘सी-टच’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लॉटचं गणित बहुतेक वेळा या तिसऱ्या प्रश्नावर अडतं. आराखड्याचे नकाशे राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आहेत आणि ते बघायला पैसे पडत नाहीत.