‘परवाना’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार ‘स्पष्टवक्ता’ (हे नाव तुम्हीच घेतलंय, मी ठेवलेलं नाही),

ख्रिस्ती धर्मातल्या पाप आणि कृपा (लायकी नसतानाही देवाने केलेली माफी) यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चार मुद्दे मांडलेत. आधी माझी चूक. कृपेच्या वादावर निर्णय देणाऱ्या, फ्रान्समधल्या ऑरेंज गावच्या धर्मसभेचं साल ५२९; माझ्या हातून ५९२ पडलं होतं. दुरुस्त केलंय, आभार. पण आकडे उलटे पडले म्हणून ‘अभ्यास न करता उपदेश झोडणारे’? साल सांगायला एक ओळ पुरली असती.

तुमचं मुख्य वाक्य जसंच्या तसं देतो: ‘कृपा म्हणजे तुम्हा लोकांनी स्वतःच स्वतःला दिलेला पापाचा परवाना; आठवडाभर वाट्टेल ते करा, रविवारी हात जोडा, खातं साफ.’

‘तुम्हा लोकांनी’. हे मी तीनदा वाचलं. लेख माझा, मतं माझी, मग हे ‘लोक’ कुठून आले? मला बोला, खुशाल बोला. सगळ्यांना एका दावणीला बांधून वर स्वतःला स्पष्टवक्ता म्हणवून घ्यायचं, ही चांगली सोय आहे.

बरं, आक्षेप तरी नवा असावा! पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौल, त्याच्या हयातीतच त्याच्यावर हा आळ आला होता. चांगलं व्हावं म्हणून वाईट करा, असं आम्ही शिकवतो अशी आमची निंदा होते, हे त्याने बायबलमधल्या, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातच नोंदवलंय. सहाव्यात तर तो स्वतःच विचारतो, कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं काय? आणि तिथल्या तिथे साफ नाही म्हणतो. ‘स्वस्त कृपे’वर, म्हणजे पश्चात्तापाशिवाय मिळणाऱ्या माफीवर, १९३७ साली कोरडे ओढणारे जर्मनीचे डिट्रिश बोनहोफरही पाळकच (चर्चचे धर्मगुरूच) होते, आणि नाझींनी त्यांना एप्रिल १९४५ मध्ये फाशी दिलं. परवान्यावर जगणाऱ्या माणसाने एवढी किंमत कशाला मोजली असती?

आणि ‘खातं’ हा शब्द तर तुम्ही चुकीच्या माणसाच्या तोंडी घातलात. बायबलमधल्या लूकच्या अठराव्या अध्यायात येशू एक गोष्ट सांगतो: मंदिरात दोघे प्रार्थनेला जातात, एक परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि एक जकातदार (लोक ज्याला पापी समजत असा करवसुली करणारा). परूशी हिशेब वाचून दाखवतो: आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दहावा भाग दान. जकातदार लांब उभा, नजर खाली, ऊर बडवतोय. त्याच्याजवळ दाखवायला काही नाही, फक्त दया कर एवढंच म्हणणं आहे. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. खातं परूशाचं होतं, साहेब.

आता घरचं सांगतो, म्हणजे ‘पुस्तकी’ हा तुमचा शेराही निकालात निघेल. मी एकोणीस वर्षांचा असताना उपासनेनंतर दानपेटी उघडून पैसे मोजायचं काम माझ्याकडे होतं. चार रविवार मी त्यातल्या नोटा खिशात घातल्या. पाचव्या रविवारी पाळकांनी मला आत बोलावलं. टेबलावर वही उघडी होती आणि त्या चार रविवारांसमोर पेन्सिलने बारीक टिंबं दिलेली होती. ते काही बोलले नाहीत. वही मिटली आणि पेटीची किल्ली परत माझ्याच हातात ठेवली. त्या दिवशी नाणी मोजताना तीन वेळा बेरीज चुकली. ओरडले असते तर मी मनातल्या मनात दहा सबबी सांगून मोकळा झालो असतो. किल्ली मिळाल्यावर एकही सुचली नाही. (पैसे परत टाकायला मला त्यानंतरही तीन महिने लागले. तेही लिहितो, नाहीतर तुम्ही विचारालच.) याला परवाना म्हणायचं असेल तर म्हणा. तो माझ्या खिशात फार जड झाला होता.

बाकीचं थोडक्यात. तान्ह्या बाळांना पापी ठरवण्याबद्दल: पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरा पहिला माणूस आदाम याचा दोष बाळाच्या माथी मारत नाही; ‘सगळे ख्रिस्ती’ म्हणण्याआधी एवढं बघायचं होतंत. जुना ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन याने स्वतःच्या पोरवयातल्या नाशपातीच्या चोरीचा बाऊ केला म्हणता. फळं त्याला खायची नव्हतीच, बरीचशी डुकरांपुढे टाकली, आणि गरज नसताना चोरी गोड का लागली हेच त्याला खुपत राहिलं. चौथ्या मुद्द्यात शेरेच होते, मुद्दा मिळाला नाही.

पुन्हा लिहा, अडवणार नाही. फक्त ‘तुम्हा लोकांनी’ गाळून लिहा.