म्हाताऱ्या जर्बिलबद्दलचा ‘तो’ मेसेज पुढे पाठवू नका

‘म्हातारं जर्बिल (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) अचानक एका बाजूला कललं तर तो लकवाच. इलाज नसतो, तोंडात साखरपाणी घालत राहा,’ असा मेसेज प्राणी पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

लकवा असू शकतो. पण उतारवयातल्या जर्बिलची मान तिरकी होण्यामागे कानाच्या आतला संसर्ग किंवा गाठही असते. आमच्या जर्बिलचं तेच झालं. डॉक्टरांनी कान तपासला तेव्हा आत पू दिसला. औषधाने ती पुन्हा बिया सोलून खायला लागली, मान मात्र थोडी तिरकीच राहिली. म्हणून घरी अंदाज बांधत बसू नका, लहान प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

साखरपाण्याचं तर फारच वाईट. अर्धवट शुद्धीतल्या जिवाला ते गिळता येत नाही, फुफ्फुसात जातं आणि त्यानेच जीव जाऊ शकतो. त्यापेक्षा पिंजऱ्यातलं चाक काढा, ऊब द्या, भिजवलेलं खाणं तोंडाजवळ ठेवा. घरात उरलेलं अँटिबायोटिक अजिबात नको. स्ट्रेप्टोमायसिन जर्बिलला विषारी ठरतं.

मेसेज पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.